राउली बघून आलो

कॅलगरी, कॅनडा

ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडची खेडी कशी असतात म्हणून तुम्ही विचारलं होतं. परवा ड्रमहेलर गावाच्या उत्तरेला राउलीला जाऊन आलो. गाव म्हणायचं, पण राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. लाकडाची तीन उंच धान्यकोठारं मात्र अजून उभी आहेत.

इथे आधी रूळ आले, मग गावं. सरकारने 1872 च्या कायद्याने दहा डॉलर फी घेऊन 160 एकर जमीन द्यायला सुरुवात केली. अट एवढीच, की तिथे राहून ती कसायची. गव्हाने भरलेली घोडागाडी कोठारापर्यंत जाऊन दिवसाउजेडी घरी परतली पाहिजे, म्हणून साधारण बारा-पंधरा किलोमीटरवर एकेक कोठार. त्याच्या आधाराने स्टेशन, दुकान, शाळा, चर्च. कोठारात पट्ट्याला लावलेल्या डब्यांनी धान्य माथ्यावर चढवायचं आणि तिथून नळीने थेट मालगाडीच्या वाघिणीत सोडायचं. पोती नाहीत, हमाली नाही!

ट्रक आले आणि घोड्याचा हिशेब संपला. धान्याच्या रेल्वेभाड्याला 1897 पासून सरकारचा टेकू होता, तोही 1995 मध्ये काढला. मुख्य मार्गापासून फुटणाऱ्या फाट्यांवरच्या गाड्या बंद झाल्या. आता मोठ्या मार्गांवर काँक्रीटची अवाढव्य कोठारं आहेत, तिथे शंभर वाघिणींची गाडी एका दमात भरते.

शेती बुडाली म्हणावं तर तसंही नाही. गहू, कॅनोला (मोहरीसारखं तेलबी), पिवळा वाटाणा, सगळं जोरात आहे. फक्त शंभरेक एकरांवर जगणारी घरं गेली. आता एकेका कुटुंबाकडे हजारो एकर. राउलीत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पिझ्झा विकतात आणि त्या पैशातून जुन्या इमारतींची डागडुजी करतात. त्या रात्री म्हणे यात्रेसारखी गर्दी होते.

आपल्या विदर्भातली छोटी रेल्वे, शकुंतला, बंद पडली तेव्हा तुम्ही किती हळहळला होतात! पण आपलं गाव तिच्याआधीचं. ती कापसासाठी आली, गेली, गाव राहिलं. राउलीला रेल्वेआधीचं काही नव्हतंच. त्यामुळे आपल्याकडचा रस्ता, शाळा आणि बाजार टिकवणं मला गाडीपेक्षा मोठं वाटतं. तुम्हाला पटणार नाही, माहीत आहे.

बाहेरून येऊन तुरीचा भाव पाडतो म्हणून ज्या पिवळ्या वाटाण्यावर तुम्ही चिडता, तो इथूनही येतो. तुरीला भाव काय निघाला? विकली की घरातच ठेवली, ते कळवा. आईला नमस्कार.

तुमचा,
सुधीर