दिल्या, गंधार उतरवला

मिरज,
रविवार रात्र

प्रिय दिल्या,

गंधार उतरवला. बरोबर 14 सेंट. हे वाक्य कळेल असा माणूस मला एकच माहीत आहे आणि दिवाळीपासून त्याला माझा फोनसुद्धा नाही. राग आला असेल तर तो धर, पण आधी हे वाच.

नवा कीबोर्ड घेतलाय. यामाहाचा पीएसआर-एसएक्स 900. मॉडेल 2019 चं. इथल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एकाने जिवापाड जपलेलं होतं, त्याच्याकडून मिळालं. वजन साडेअकरा किलो. कंबर धरली होती, आता सुटली. तब्येतीचं एवढंच.

काय वाद्य आहे रे! 61 पट्ट्या, मधोमध सात इंची रंगीत पडदा, बोटानं चालणारा. सव्वापाचशे स्टाईल्स, म्हणजे तयार साथीचे नमुने. डाव्या हातानं कॉर्ड धरली की बास, गिटार, ड्रम्स सगळे एकदम उभे राहतात. इंट्रो आहे, चार मेन आहेत, फिल आहे, एंडिंग आहे. कॉर्ड लूपर म्हणून एक सोय आहे: कॉर्ड्सची ओळ एकदा वाजवून ठेवायची, मग तेच ती फिरवत राहतं आणि डावा हात मोकळा. आपल्यासारख्या पेटीवाल्याला याहून काय हवं? आणि चाकाच्या जागी जॉयस्टिक. तिच्यावर बासरीची मींड काढली तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, काही न बोलता पाच मिनिटं बसली. तिचं बसणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आता गंधार. यात स्केल ट्यून आहे. बाराही स्वर एकेक करून, सेंटच्या हिशेबात, वरखाली करता येतात. सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, सप्तकाचे 1200. कारखान्यातून येताना गंधार 400 वर बसवलेला असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार 386 वर. म्हणजे गुरवाच्या माडीवर तू ‘तुझा गंधार चढाय, तुझा गंधार चढाय’ म्हणून डोकं उठवायचास आणि मी ‘वाद्य असंच असतं’ म्हणायचो, त्यात दोघंही खरंच बोलत होतो. मूळ स्वर काळी एक धरला, गंधार उतरवला, धैवत उतरवला, निषाद उतरवला, आणि मागं सतारमेकरांकडचा जुना तंबोरा लावला. दिल्या, गंधार विरघळला त्यात. तू असतास तर रडला असतास, आणि वर म्हणाला असतास की डोळ्यात तंबाखू गेली.

आपल्याच मुलखातलं भांडण आहे हे, ध्यानात घे. सांगलीच्या देवलांनी 1910 साली सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मोजमापांच्या मागं होता, आणि क्लेमंट्स साहेबाबरोबर त्यांनी श्रुतींची पेटीसुद्धा घडवली. पुढं 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीनं पेटीला दाराबाहेर ठेवलं. आणि आज एका मेनूत शिरून दोन मिनिटांत गंधार जागेवर. देवलांना दाखवायला हवं होतं.

पण पुढं ऐक. सुरांना लावलेली ही श्रुती स्टाईलला लावायची की नाही, ते आपण ठरवायचं. नाही लावली तर मी 386 वर आणि मागचा गिटारवाला 400 वर. दोघं एकाच वेळी गंधार धरतात आणि कानात घरघर होते. लावली तर ‘सा’ची कॉर्ड मधासारखी, पण चाल ‘रे’च्या कॉर्डवर गेली की सगळं नासतं. कारण रेपासून धैवत पंचमाच्या अंतरावर हवा, 702 वर, आणि शुद्ध धैवत लावला की ते अंतर 680 च भरतं. तो बेसूर ऐकवत नाही. म्हणून मी अभंगाला गिटार आणि मागचे लांब सूर बंद केले, फक्त बास ठेवला, आणि बासलाही सा-पच्या पलीकडं फार जाऊ देत नाही. हे तुला पटेल. पक्याला पटणार नाही, त्याला अजून सगळीकडं सेव्हन्थ कॉर्ड हवी असते.

हे झालं कौतुक. पत्र लिहायला बसलो ते माझ्या ढोलकीवाल्या अमोलसाठी.

मंडळाच्या सेक्रेटरीनं घरी येऊन कीबोर्ड ऐकला. चहा प्यायला आणि म्हणाला, “यंदा एकटेच या. सगळं आहे की यात.” मी हसून वेळ मारून नेली. तेवढ्यावर राहिलं असतं तर तुला लिहिलं नसतं, असले सेक्रेटरी आपण जन्मभर पाहिले. पण दुसऱ्या दिवशी अमोल आला. मला वाटलं होतं पोरगं हिरमुसेल. ते तर हरखलं! तासभर स्टाईल्स ऐकल्या, मग डोळे लकाकले आणि म्हणतं कसं, “काका, माझी ढोलकी यात भरा. माझे बोल रेकॉर्ड करून पॅडवर टाका. कुपवाडला सेकंड शिफ्ट लागली की मला येता येत नाही, मग मी नसलो तरी चालेल.”

मी नसलो तरी चालेल. बावीस वर्षांचं पोर हे आनंदानं सांगतंय.

आणि होतं रे तसं. मल्टी पॅड म्हणजे दाबलं की भरलेला तुकडा वाजवणारी बटणं, त्यांना ऑडिओ फाईल जोडता येते. त्याची चाट, त्याची थाप, त्याची लग्गी, सगळं चार बटणांत मावेल. मी नाही म्हणालो नाही आणि हो म्हणालो नाही. तेव्हापासून डोक्यात तेवढंच चाललंय.

आठवतं, मालकानं रिदम बॉक्स आणला होता तेव्हा? तू त्याच्या वायरवर पाय देऊन उभा राहिलास आणि ‘लाईट गेली’ म्हणालास, खोलीतला पंखा फिरत असताना! मग दोन महिने माझ्याशी अबोला, कारण मी त्या डब्याबरोबर वाजवलं. तेव्हा तू म्हणाला होतास, ‘तो डबा ऐकत नाही.’ मी म्हणालो, ‘तूही ऐकत नाहीस.’ ते भांडण अजून बाकी आहे आणि माझा मुद्दा मी सोडलेला नाही: जत्रेच्या रात्री तू खरंच कुणाचं ऐकत नव्हतास, दादरा कसला पळवलास!

पण ऐकण्याचं तू म्हणालास ते आता मला बोटांनी कळतंय. गवळण वाजवताना मी अंतऱ्याच्या शेवटी जरा रेंगाळतो. अमोल माझ्या खांद्याकडं बघतो, ठेका धरून ठेवतो, मी मुखडा घेतला की बरोबर उचलतो. कीबोर्डमध्ये सिंक्रो स्टॉप आहे: डावा हात उचलला की सगळं थांबतं, परत दाबला की सुरू. मी त्याच्यावर फार मेहनत घेतली. श्वासाला थांबतं ते, हे खरं. पण सुरू होताना दरवेळी समेपासूनच. मुखडा पाचव्या मात्रेवरून उचलायचा तर त्याला आत घेता येत नाही. म्हणून आता मीच मुखडा समेवर ओढून आणायला लागलोय. गाणं बदलतंय, दिल्या. लोकांना कळत नाही, टाळ्या तेवढ्याच येतात. मला कळतं.

आणि अमोलनं नुकतं कुठं ऐकायला सुरुवात केलीय. हात त्याचा तयार आहे, कान आत्ता उघडतोय. ढोलकी भरून टाकली तर जे भरलं तिथंच तो थांबेल. उद्या त्याची लग्गी आजच्यापेक्षा चांगली होईल, ती कुठल्या बटणात घालू?

सेक्रेटरीला मी आज निरोप दिला: अमोल नसेल तर मीही नाही. स्टाईलमधले दोन्ही रिदम चॅनेल बंद करणार, बास तेवढा ठेवणार, ढोलकी माणसाची. शिफ्टचं मात्र मला सोडवता येत नाही. पोराला घर चालवायचंय, त्याला ‘कला कला’ म्हणून उपाशी ठेवणारा मी कोण? म्हणून तुझ्याकडं एक मागणं आहे. तू त्याच्याशी बोल. तू नोकरी सांभाळून तीस वर्षं वाजवलंस, रात्रपाळ्या करून पहाटे काकड्याला बसलास. मी सांगितलं तर पेटीवाल्याचं बोलणं वाटेल. तू सांगितलंस तर ऐकेल, तुझ्या कॅसेटवरचा भजनी ठेका तो अजून घोटतो.

इंदूरचं घर लागलं का? तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. धाकटीला नोकरी लागल्याचं वहिनींनी हिला सांगितलं, फार आनंद झाला, पेढे उधार आहेत.

अमोलचा नंबर खाली देतो. सेकंड शिफ्ट असली की रात्री बारापर्यंत तो घरी पोचत नाही, तेव्हा रविवारी सकाळी दहानंतर लाव. आणि फोनवर आधी माझं नाव काढू नकोस, नुसतं विचार की रूपक कसा वाजवतोस.

तुझा,
सुऱ्या