अ‍ॅपर्चर किती लहान करावे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली चतुर या कीटकाच्या डोक्याची छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. डोळ्यांपासून पंखांच्या मुळापर्यंत सारे फोकसमध्ये यावे म्हणून तू अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाशाचे छिद्र, एफ/२२ इतके लहान केलेस (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), ट्रायपॉड आणि फ्लॅश वापरलास, तरी डोळ्यांवरची जाळी पुसट आली, याचे कारण विवर्तन हेच आहे. छिद्र जितके लहान, तितका त्यातून येणारा प्रकाश अधिक पसरतो आणि बारीक ठिपका सेन्सरवर चकतीसारखा उमटतो. त्यात १:१ वर्धनाला, म्हणजे कीटक सेन्सरवर मूळ आकाराएवढाच उमटतो तेव्हा, प्रत्यक्षात लागू होणारे अ‍ॅपर्चर साधारण दुप्पट आकड्याचे होते, म्हणजे तुझे एफ/२२ तेथे एफ/४४ सारखे वागते आणि ती चकती सुमारे ०.०६ मिलिमीटरची होते. एफ/८ ला ती ०.०२ च्या आसपास राहते. डोळ्यावरची एकेक षट्कोनी भिंगे शतांश मिलिमीटरमध्येच मोजावी लागतात, मग ती टिकणार कशी?

याच्या बदल्यात मिळते काय, तेही पाहा. फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर) सेन्सरवर १:१ ला एफ/८ ची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, जेमतेम १ मिलिमीटर असते, एफ/२२ ला ती अडीचच्या थोडी पुढे जाते. एवढ्या दीड मिलिमीटरसाठी डोळा गमावणे मला मान्य नाही. चित्र लहान आकारातच पाहिले जाणार असेल, तर मात्र एफ/१६ खुशाल वापर.

एरवी एफ/८ ते एफ/११ वर थांब आणि कॅमेऱ्याची जागा बदलून पाहा. सेन्सर कीटकाच्या कुशीला समांतर आला, की तेवढ्याच खोलीत डोळा, छाती आणि पंखाचे मूळ पुष्कळदा एकत्र बसतात; मला हा उपाय सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात शार्पनेस काडीमात्र घटत नाही.

कीटक निश्चल असेल आणि वारा पडलेला असेल, तरच स्टॅकिंग कर, म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेली अनेक चित्रे सॉफ्टवेअरने एकत्र जोड. एफ/५.६ ला खोली सुमारे ०.६७ मिलिमीटर असते, म्हणून फोकस दर वेळी ०.३ मिलिमीटरने सरकवावा. ६ मिलिमीटर खोलीसाठी वीसेक चित्रे पुरतात. मात्र एकमेकांवरून गेलेल्या केसांच्या कडा जोडताना सॉफ्टवेअर चुकते, त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

त्याच चतुराची एफ/८ वरची चित्रे काढलीस, तर मूळ फाइल्सच पाठव. डोळ्यांची जाळी मला पूर्ण आकारात पाहायची आहे.

तुझा,
स्नेहांकित मित्र