सत्तर मिलिमीटरचं दार

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

प्रिय मनू,

तू तालमीला गेल्यावर तुझी फाइल उघडली, नाट्यशिक्षणाच्या अर्जांसाठी केलेला तो पोर्टफोलिओ. विचारून उघडायला हवी होती, पण विचारलं असतं तर तू दाखवली नसतीस. आणि बोलायला बसलो की काय होतं ते तुला माहीत आहे. आधी माझा आवाज चढतो, मग तुझा, मग आई टीव्ही बंद करते. म्हणून लिहून ठेवतोय.

पहिलं पान उलटायच्या आत स्टीलची फूटपट्टी हातात आली. सव्वीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग वाचून लोखंड कापतोय. कागद समोर आला की तो देखणा आहे की नाही हे नंतर, आधी स्केल कुठे लिहिलंय ते बघतो. चाळीस पानांत स्केल एकाच ठिकाणी सापडलं. अकराव्या पानावर, तुमच्या एकांकिकेच्या सेटच्या मॉडेलखाली, १:२५. मॉडेल माळ्यावर होतं. स्टूल घेऊन काढलं, धूळ पुसली आणि दार मोजलं. सत्तर मिलिमीटर. म्हणजे प्रत्यक्षात १,७५०. म्हणजे पाच फूट नऊ इंच. आणि तुमचा नायक सहा फूट एक!

एकटाच हसलो. तुला ती गोष्ट तुझ्या बाजूने ठाऊक आहे, विंगेतून. मी आणि आई सातव्या रांगेत होतो, तिथून काय दिसलं ते कधी सांगितलं नाही. नाटकातली आजी खाटेवर, दिवे उतरलेले, पोरगा धावत येतो आणि ठक्क. कपाळ चौकटीवर. अख्खा फ्लॅट, म्हणजे सेटची ती उभी भिंत, हलला. अर्धं सभागृह हसलं, उरलेलं अर्धं हसणाऱ्यांना बघून हसलं. मला त्या पोराचं काही वाटलं नाही. फ्लॅटच्या मागून काळ्या कुर्त्याची एक बाही बाहेर आली आणि तिने ब्रेस, म्हणजे मागचा टेकू, घट्ट धरून ठेवला, पुढची वीस मिनिटं सोडला नाही, तेवढं मी बघत होतो. परत येताना रिक्षात तू एक शब्द बोलली नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक इंची चौकोनी पाइपाचे नऊ-नऊ इंचांचे दोन तुकडे कापले. हिशेब सरळ होता. दोन्ही बाजूंना जोड द्यायचा, दार साडेसहा फुटांवर जातं, पोरगं ताठ चालत येतं, विषय संपला. तुझा फोन आला तेव्हा तुकडे कापून झाले होते. तू म्हणालीस, "बाबा, वाढवू नका. अजून पाच इंच कमी करायचंय." मला वाटलं, पोरगी रात्रभर झोपलेली नाही.

मग तू संध्याकाळी वर्कशॉपला येऊन समजावून सांगितलंस. घर आजीचं आहे. तिची उंची पाच फूट. दार पाच फूट चार इंच ठेवायचं. ती सरळ चालत येणार-जाणार, बाकी प्रत्येकाने वाकूनच आत यायचं: मुलगा, सून, घर विकत घ्यायला आलेला बिल्डर, सगळे. मी मनात म्हटलं, चूक झाकायची ही नवीन तऱ्हा दिसतेय. पण चौकट उतरवून पाच इंच कापून दिली. आणि स्पर्धेच्या अंतिम फेरीत शेवटी त्या आजीला खांद्यावरून नेताना चौघांना त्या दारात गुडघे वाकवावे लागले तेव्हा तुझ्या आईने माझा हात धरला. कोणी हसलं नाही. परीक्षकांनी बाहेर आल्यावर नेपथ्य कोणाचं म्हणून विचारलं.

आता मला सांग, ही गोष्ट या फाइलमध्ये कुठे आहे?

कुठेच नाही. अकराव्या पानावर मॉडेल, बाराव्यावर अंतिम प्रयोगाचा चकचकीत फोटो, दोघांच्या मध्ये काही नाही. मॉडेलमधलं दार उंच आणि फोटोतलं ठेंगणं, हेही कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. त्या प्रवेशाच्या सल्लागारांनी "पोर्टफोलिओत एकही चूक दिसता कामा नये" असं सांगितलं होतं ना. पैसे मीच भरले होते, त्यामुळे दोष माझाही. चाळीस पानं, सगळीकडे तीच पांढरी किनार, तीच अक्षरं. दुसऱ्या कोणाचं नाव टाकलं तरी चालेल अशी फाइल.

आमच्याकडे ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. रेव्हिजनची. आर-शून्य, आर-एक, आर-दोन. समोर तारीख आणि काय बदललं ते. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग आलं आणि त्यावर नुसतंच आर-शून्य असलं की मी जॉब हातात घेताना दचकतो. याचा अर्थ या कागदावरून अजून कोणी काही बांधून बघितलेलं नाही. आर-चार असलं की निर्धास्त. चार वेळा कुठेतरी अडलं, कोणीतरी शिव्या घातल्या, कोणीतरी दुरुस्त केलं. तुझी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत आर-शून्य आहे, मनू. निवडायला बसलेली माणसं जन्मभर सेट बांधलेली असणार. त्यांना हे पहिल्या पाच पानांत कळेल.

तुझी जाड वही, जिच्यावर चहाचा गोल आहे, ती मी मुद्दाम फाइलशेजारी ठेवली आहे. त्यात एका पानावर तू पार, म्हणजे रंगमंचावरच्या दिव्यांचा हिशेब लिहिलायस: पार १,००० वॅट, २३० व्होल्ट, म्हणजे ४.३५ अँपिअर, पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीन लागतील, चौथा लावला की १७.४, गेला. खाली दिग्दर्शकांसाठी शेरा: "पहाटेसाठी चार पार मिळणार नाहीत. तीनमध्ये पहाट करते." हे पान लाव. खाडाखोडीसकट लाव. तूच मागे सांगत होतीस, प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दाखवलं, थेंबभर पाण्याशिवाय, नुसत्या प्रकाशाने. लोक आजही त्या पाण्याबद्दल बोलतात. मला मात्र त्यांची वही बघायला आवडली असती. कुठला दिवा कुठल्या सॉकेटला होता ते.

आणि ते अर्जाचं इंग्रजीतलं निवेदन. "लहानपणापासून रंगभूमीच्या जादूने मला भारून टाकलं." कधी गं? सहा वर्षांची असताना गडकरीला बालनाट्याला नेलं होतं, दहाव्या मिनिटाला झोपलीस आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या वासाने उठलीस. खरं काय ते लिही. अकरावीत तुला अभिनयाच्या निवडीत घेतलं नाही आणि पडद्याच्या दोरीवर बसवलं. चार दिवस रडलीस. पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणालीस, पडदा एका झटक्यात उघडला की लोक आधी सेट बघतात आणि हळू उघडला की आधी माणूस बघतात. हे वाक्य कुठल्याही सल्लागाराला सुचणार नाही.

आता पैशांचं. हे टाळत होतो.

अमेरिकेतलं तुझं पहिलं नाव, कार्नेगी मेलन विद्यापीठ. मी वाचलं त्याबद्दल. १९१४ पासून नाटकाची पदवी देतात, अमेरिकेत सर्वांत आधी त्यांनीच सुरू केली. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी, रंगमंच व्यवस्थापन, तांत्रिक दिग्दर्शन, सगळं वेगवेगळं शिकवतात. तांत्रिक दिग्दर्शन म्हणजे काय ते वाचलं तेव्हा लक्षात आलं की मी जे करतो तेच, फक्त तिकडे त्याची पदवी मिळते. पण वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या वर, म्हणजे सत्तर लाखांच्या घरात, अशी चार वर्षं. आणि पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांना ते आर्थिक मदत देत नाहीत. हे घर विकलं तर दोन वर्षं निघतील. तिसऱ्या वर्षी तू तिकडे आणि आम्ही तलावपालीला बाकड्यावर.

रागावू नकोस, पुढचं वाच. येल विद्यापीठाच्या नाट्यविभागात २०२१ पासून शिकवणीची फीच नाही. कोणीतरी १५ कोटी डॉलरची देणगी दिली. राहण्या-जेवणाचं वेगळं. पण तिथे मास्टर्ससाठी घेतात, म्हणजे आधी पदवी हवी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही पदवी लागते, कुठल्याही विषयाची, आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, सुरुवातीला सगळ्यांना सगळं शिकवतात आणि मग अभिनय किंवा रचना-दिग्दर्शन असे फाटे फुटतात. वर विद्यावेतन मिळतं. आपल्या मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली नाट्य अकादमीसुद्धा पदवीनंतरचीच. म्हणजे ज्या दारांतून तू पैशांशिवाय जाऊ शकतेस ती सगळी तीन-चार वर्षांनी उघडतात. बारावीनंतर लगेच उघडणारं एकच, ते सत्तर लाखांचं, असं धरून तू बसली होतीस आणि मी नुसता "नाही" म्हणत बसलो होतो. दोघांनीही नीट बघितलं नव्हतं.

मला वाटतं, पुण्याच्या ललित कला केंद्राला आणि बडोद्याला अर्ज कर. दोन्हीकडे बारावीनंतर नाट्यशास्त्राची पदवी आहे. बडोद्याचं मला जास्त आवडलं, उगाच नाही. सयाजीरावांनी १८८६ साली काढलेल्या गायनशाळेतून वाढलेला तो विभाग आहे आणि त्या शहरात मराठी माणसाला परकं वाटत नाही. शिवाय रात्रीच्या गाडीने घरी येता येतं. (हा मुद्दा आईचा.) कार्नेगीलाही एक अर्ज कर. अर्जाची फी मी देतो. पोर्टफोलिओ आणि मुलाखत त्यांच्यासमोर एकदा होऊ दे, जायचं नसलं तरी. परक्या माणसासमोर "हे दार मी का कमी केलं" हे सांगायला जमतंय का तेवढं कळेल.

आणि आतापासून प्रत्येक प्रयोगाचं ब्रोशर, प्रमाणपत्र, तारीख एका पाकिटात ठेव. दिल्लीवाले सहा नाटकांचा पुरावा मागतील तेव्हा माळे शोधत बसू नकोस. तुझी आत्तापर्यंतची चार मी शोधून ठेवली, एक फ्रिजच्या वर सापडलं, त्यावर दुधाचा हिशेब होता.

शिफारसपत्राचं राहिलं. तुमच्या दिग्दर्शकांचं घेच, पण घाणेकर नाट्यगृहात त्या दिवशी जे लाइटवाले काका भेटले, त्यांनाही विचार. ते मला काय म्हणाले सांगतो. "कॉलेजची पोरं केबल कोपराभोवती गुंडाळतात, आतून पीळ पडतो, दोन महिन्यांत तार तुटते. तुमची मुलगी हातात वेटोळी घेऊन गुंडाळते. कोणी शिकवलं?" मी म्हटलं, मी नाही. त्यांना इंग्रजी येत नसेल, तू त्यांच्याकडून मराठीत लिहून घे आणि भाषांतर जोड. प्राचार्यांच्या "होतकरू व गुणी विद्यार्थिनी"पेक्षा हे जड पडेल.

आजीचं मनावर घेऊ नकोस. "नाटकात आहे म्हणते, पण दिसत तर कुठेच नाही" हे ती आता शेजारी सांगत नाही. परवा मी तिला तुझं मॉडेल दाखवलं. तिने त्या दारात बोट घातलं, आत-बाहेर केलं आणि म्हणाली, "आमच्या गावच्या घराचं असंच होतं, तुझे आजोबा रोज आपटायचे." त्यांच्या कपाळावर खूण होती, तुला आठवणार नाही. ती गोष्ट तिच्याकडून नीट ऐकून घे, वहीत टिपून ठेव.

ते दोन नऊ इंची तुकडे अजून वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनच्या मागे उभे आहेत. भंगारात टाकायला दोनदा उचलले. एकावर तू खडूने "नको" लिहून गेली होतीस, ते अजून पुसलेलं नाही. उद्या फोटो काढून पाठवतो. अकराव्या आणि बाराव्या पानाच्या मध्ये लाव, खाली आर-एक लिही आणि तारीख टाकायला विसरू नकोस.

पिठलं कढईत आहे, पाण्याचा हबका मारून गरम कर. भाकरी फडक्यात.

बाबा