मंत्रिमहोदय, घाटातला तेरडा ऑक्टोबरअखेरपर्यंत उभा राहू द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीच्या सुमारास सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांच्या दरडी तेरड्याने गुलाबी होतात आणि त्याच सुमारास कडेचं गवत कापायचं काम निघतं. तेरडा एका पावसाळ्याचं झाड. बी पडण्याआधी कापला तर पुढच्या वर्षासाठी तिथे काही उरत नाही. वळणांवर समोरचं दिसत नसेल तिथे कापावंच लागेल, ते मान्य. बाकीच्या कडा ऑक्टोबरअखेरपर्यंत ठेवाव्यात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे एकेका फुलापुरतं खरं. झाड मात्र कित्येक आठवडे फुलत राहतं. फुलामागच्या बारीक, वाकड्या नळीत मध असतो. त्यासाठी फुलपाखरं आणि मधमाश्या येतात. परागकोश टोपीसारखे स्त्रीकेसरावर बसलेले असतात. ती टोपी गळल्यावरच स्त्रीकेसर उघडा पडतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून आणायला कीटक लागतात.

नव्याने कापलेल्या दरडींवर तेरडा लावायचा तर बी त्याच घाटातलं घ्यावं. बाजारातल्या पाकिटांतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा नको: जात एकच असल्याने त्याचा रानातल्या तेरड्याशी संकर होतो. बोंडं फुगून फिकट पडली की त्यांवर मलमलीची पिशवी बांधावी, नाहीतर हात लागताच ती फुटून बी उडून जातं. बहुतेक बोंडं झाडावरच ठेवावीत. बी आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावं. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते.

पेरणी जूनमध्ये, पाऊस नीट लागल्यावरच. वळवाच्या सरीवर पेरलं तर कोंब येऊन उन्हात करपतात. एक वाटी बियांत दहा वाट्या कोरडी वाळू मिसळून फेकावं, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. एक-दोन आठवड्यांत उगवतं. मग रोपांत वीतभर अंतर ठेवून विरळणी करावी. खत घालू नये. पाला माजतो आणि झाड लोळतं. पाणी साचलं तर रसाळ खोड बुडाशी कुजतं, म्हणून गटाराच्या तळाशी नव्हे, उतारावर लावावं.

एक विनंती निविदेतल्या मजकुराबद्दल. ‘शोभेची फुलझाडं’ एवढंच लिहिलं की ठेकेदार स्वस्तातला पिवळा कॉसमॉस आणून टाकेल. तो मूळ मेक्सिकोकडचा. एकदा लावला की स्वतःच बी टाकत डोंगर चढतो. त्याऐवजी ‘स्थानिक बियांपासूनचा तेरडा’ असे शब्द घालावेत, आणि तणनाशक वापरायचं नाही हेही त्याच कलमात यावं.

आपले,
सह्याद्रीतली रानफुलं लावणारे आम्ही काही जण