कुलूपबंद कपाटातली लागवड आणि ‘थंड’ एलईडीचा गैरसमज

मा. संपादक,

स.न.वि.वि.

ज्या देशांनी प्रौढ व्यक्तींना घरी गांजाची मोजकी झाडे लावण्याची मुभा दिली आहे, त्यांच्याविषयीच्या बातम्या आणि लेख अलीकडे मराठीतही वाचायला मिळतात, आणि त्यांत एक विधान हमखास आढळते: एलईडी दिवे आल्यामुळे ही लागवड आता घरातल्या एखाद्या कपाटातही कमी विजेत, उष्णता न होता आणि निर्धोकपणे करता येते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाला हे विधान स्वस्थ बसू देत नाही. गांजा चांगला की वाईट हा वाद मला येथे उकरून काढायचा नाही. मला एवढेच सांगायचे आहे की भरपूर ऊन मागणाऱ्या या झाडाला कपाटात नेऊन ठेवले ते कायद्याच्या शब्दांनी, आणि त्यातून उभे राहिलेले विजेचे, ओलीचे आणि आगीचे प्रश्न एलईडीने थोडे हलके केले असले तरी सोडवलेले नाहीत.

कायद्याचे शब्द मुळातून पाहावेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१२ साली मतदारांच्या कौलाने जी घटनादुरुस्ती केली, तिच्यात प्रत्येक प्रौढाला सहा झाडांची परवानगी आहे, पण ती बंदिस्त आणि कुलूपबंद जागेत असावीत, उघड्यावर नसावीत, अशी अट आहे. कॅलिफोर्नियाच्या २०१६ च्या कायद्यातही झाडे कुलपाआड असावीत आणि सार्वजनिक जागेवरून नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत, असे म्हटले आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून तीन झाडे लावता येतात, मात्र मुले आणि इतर लोक यांच्या हाती ती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते. यामागचा हेतू रास्त आहे, याबद्दल दुमत नसावे. पण ज्याच्याकडे अंगण नाही, ज्याची खिडकी रस्त्याकडे उघडते, त्याला या अटी पाळायच्या तर उरतो एकच कोपरा, तो म्हणजे कपाट. (भारतात परवान्याशिवाय हे झाड लावणे हाच १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, झाड शेतात आहे की कपाटात, याने त्यात काही फरक पडत नाही.)

आता प्रकाशाकडे वळतो. झाडाला प्रकाश लागतो तो उजेड म्हणून नव्हे, तर मोजता येणाऱ्या प्रकाशकणांच्या रूपाने, आणि त्यातही साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे कण प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगी पडतात. निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल प्रकाशकण पडतात (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक, आणि मायक्रोमोल हा त्याचा दहा लाखावा भाग). बैठकीच्या खोलीत रात्री दिवे लावून आपण आरामात वाचतो तेव्हा ही संख्या सहसा दोन आकडी मजलही ओलांडत नाही. आपले डोळे हा फरक जाणवू देत नाहीत, कारण अंधुक उजेडाशी ते सहज जुळवून घेतात. पानांना ती सोय नाही. फुलोऱ्यावर आलेल्या झाडासाठी कपाटात दर सेकंदाला ६०० मायक्रोमोल एवढा माफक प्रकाश द्यायचा आणि तो बारा तास चालू ठेवायचा असे धरले, तर दिवसाकाठी एका चौरस मीटरला सुमारे २६ मोल प्रकाश मिळतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी उघड्यावर याहून किती तरी अधिक प्रकाश फुकट मिळतो.

या कपाटातल्या प्रकाशाला वीज किती लागते, याचा हिशेब कोणीही करू शकेल. चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा एका ज्यूल विजेपासून अडीच ते तीन मायक्रोमोल प्रकाशकण देतो, तर एलईडीच्या आधी अशा लागवडीत वापरला जाणारा सोडियम दिवा, अगदी उत्तमातला उत्तम असला तरी, १.७ च्या आसपास थांबतो. एलईडीची ही आघाडी खरी आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तरीही ६०० मायक्रोमोलसाठी एका चौरस मीटरला अडीचच्या हिशेबाने २४० वॅट लागतातच, म्हणजे बारा तासांत जवळजवळ तीन युनिट आणि महिन्याला ८५ च्या पुढे. त्याआधी झाड वाढीला लागलेले असताना दिवा अठरा तास चालू ठेवण्याची प्रथा आहे. पंखे आणि ओल शोषणारी यंत्रे यांची वीज मी यात धरलेलीच नाही.

‘एलईडी थंड असतो’ हे वाक्य तर ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमालाच धरून नाही. सोडियम दिव्याच्या काचेला हात लावता येत नाही आणि एलईडीच्या पुढच्या बाजूला लावता येतो, हे खरे. पण त्याच दिव्याच्या पाठीमागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना तासाभराने स्पर्श करून पाहावा. जी वीज आत गेली ती प्रकाश होऊन पानांवर आणि भिंतींवर आदळली तरी अखेरीस उष्णताच होते; झाड स्वतःच्या वाढीत साठवते तो अंश अगदी नगण्य. दोन घनमीटरच्या कपाटातली हवा सुमारे अडीच किलो भरते. भिंतींनी उष्णता शोषली नाही आणि हवा बाहेर गेली नाही असे घटकाभर धरले, तर २४० वॅट त्या हवेचे तापमान दर दहा सेकंदांना एक अंशाने वाढवतील. प्रत्यक्षात भिंती तापतात, पाने पाणी सोडतात आणि पंखा हवा ओढतो म्हणून तसे होत नाही. पण तो पंखा एका रात्री बंद पडला, की दिव्याच्या थंडपणाची कथा किती टिकते ते तासाभरात कळते.

पाने पाणी सोडतात, या गोष्टीवर थोडे थांबायला हवे, कारण कपाटातले सर्वांत कमी बोलले जाणारे संकट ते हेच. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व पाणी पानांवाटे वाफ होऊन हवेत जाते. दिवा चालू असताना हवा उबदार असते आणि ही वाफ सामावून घेते. मग दिवा बंद होतो. २८ अंश तापमानाची आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा २० अंशांपर्यंत उतरली, तर तीत वाफेचा एक कणही न वाढता तिची आर्द्रता ९७ टक्क्यांवर जाते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यांत, थंड भिंतीवर तेव्हा दव जमते. फुलोरा घट्ट असला तर त्याच्या पोटात ही ओल अडकून राहते आणि बॉट्रायटिस नावाची करडी बुरशी तेथे घर करते. बाहेरून फुलोरा धडधाकट दिसतो. त्यातून डोकावणारे एखादेच छोटे पान पिवळे पडते, ते ओढले तर अलगद हातात येते, आणि फुलोरा फोडून पाहिला तर आत करडा भुगा सापडतो. त्याच ओलसर हवेत भिंतीवर आणि शेजारच्या कपड्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू घरातले सगळेच श्वासावाटे घेतात, मग त्यांचा या झाडाशी संबंध असो वा नसो. दमेकरी आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना त्यापासून खरा धोका आहे.

यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणे. पण तेथे पुन्हा कुलूप आड येते, कारण हवा बाहेर गेली की वासही जातो. या झाडाचा तो उग्र दर्प मुख्यतः टर्पिनांचा, म्हणजे वनस्पतींतल्या सुवासिक संयुगांचा, समजला जाई. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यातल्या खास उग्रपणाचे मूळ अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांत दाखवले. तो वास अडवण्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी लावतात, गाळणीमुळे हवेचा प्रवाह मंदावतो, म्हणून अधिक ताकदीचा पंखा लागतो, आणि विजेचा आकडा पुन्हा चढतो.

विजेच्या जोडणीबद्दल मला सर्वांत अधिक काळजी वाटते. घरातली साधी वायरिंग आणि एक्स्टेन्शन बोर्ड हे तासभर इस्त्री चालवण्याच्या हिशेबाने वापरले जातात. येथे मात्र तोच बोर्ड महिनोन्‌महिने दिवसाचे बारा ते अठरा तास भार वाहतो, तोही बहुधा कपाटाच्या तळाशी, पाण्याच्या ताटलीशेजारी आणि कोणाची नजर पडणार नाही अशा जागी. प्लगची पकड किंचित सैल असली तर त्या एका बिंदूपाशी रोध वाढतो, तेथे उष्णता साचते, प्लास्टिक आधी तपकिरी होते आणि मग वितळते. सभोवती लाकूड, प्रकाश परतवण्यासाठी लावलेला चकाकणारा कागद आणि वाळलेली पाने. ज्या देशांत ही लागवड कायदेशीर आहे तेथेही माणूस संकोचापोटी किंवा घरमालकाच्या भीतीपोटी जाणकार वायरमनला बोलावत नाही, स्वतःच जोडाजोडी करतो. गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलीअँपिअरचा स्विच आणि नीट अर्थिंग एवढ्या दोन गोष्टी तरी असाव्यात, अशी सक्ती या कायद्यांनी झाडांच्या संख्येइतक्याच ठळकपणे करायला हवी होती.

दिव्यांच्या जाहिरातींचा प्रकार तर उघड फसवणुकीचा आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१००० वॅट’ छापायचे आणि आतला दिवा प्रत्यक्षात शंभरसव्वाशे वॅट घेणारा निघायचा, ही या बाजारातली जुनी रीत आहे. मोठा आकडा कुठल्या तरी जुन्या दिव्याच्या ‘तोडीचा’ म्हणून खपवला जातो. काही खोक्यांवर ल्यूमेन दिलेले असतात. ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्यासाठी ठरवलेले माप आहे, हिरव्या प्रकाशाला ते सर्वाधिक भाव देते, आणि पानाला किती प्रकाशकण मिळतील हे त्यावरून समजत नाही. हेच दिवे घरात कोथिंबीर आणि टोमॅटोची रोपे वाढवणारेही विकत घेतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ गांजापुरता राहत नाही. प्रत्यक्ष लागणारे वॅट आणि एका ज्यूलमागे मिळणारे मायक्रोमोल हे दोन आकडे प्रत्येक खोक्यावर असलेच पाहिजेत.

या सगळ्याचा पर्यावरणावरचा भारही मोजला गेला आहे. अमेरिकेतील ऊर्जा-संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ साली केलेल्या अभ्यासात बंदिस्त जागेत एक किलो गांजा तयार होताना सुमारे ४,६०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा अंदाज मांडला होता. तेव्हा सोडियम दिव्यांचा काळ होता, असे कोणी म्हणेल. पण कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या हवामानासाठी केलेल्या गणितातही हा आकडा किलोमागे सुमारे २,३०० ते ५,२०० किलो निघाला, आणि हवा तापवणे, थंड करणे व कोरडी करणे यांचा वाटा त्यात फार मोठा होता. हे अभ्यास व्यापारी इमारतींचे आहेत, कपाटाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, याची मला जाणीव आहे. तरी दिवा सुधारला म्हणून हवेचा खर्च आपोआप मिटत नाही, हे त्यांतून स्पष्ट होते.

एका गोष्टीचा उल्लेख येथे करावासा वाटतो. वनस्पती दिवसरात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात, याचा पहिला सुगावा ज्या झाडांवरून लागला त्यांत हेच झाड होते. फ्रान्सचे ज्युलियन तूर्नोआ यांनी १९१० नंतरच्या वर्षांत भांग (म्हणजे गांजाचेच झाड) आणि बिअरमध्ये वापरली जाणारी हॉपची वेल यांवर प्रयोग केले आणि लवकर फुलण्याचे कारण दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होण्यात आहे, असे १९१४ साली लिहिले. त्याच वर्षी ते युद्धात मारले गेले आणि पुढे १९२० साली गार्नर व ॲलर्ड यांनी हे तत्त्व अमेरिकेत सविस्तर मांडले. आज कपाटातला टायमर बारा तासांवर लावला जातो तो याच ज्ञानाच्या आधारे. ऋतूंचे भान इतके सूक्ष्म असलेल्या झाडाला ऋतूच नसलेल्या पेटीत वाढवावे लागते, याचे एक अभ्यासक म्हणून मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून ज्या देशांत ही मुभा आहे किंवा पुढे दिली जाईल, तेथील कायद्यांनी ‘बंदिस्त’ याचा अर्थ काळोखी जागा असा होऊ देऊ नये. दाराला कुलूप असलेले, वरून ऊन येणारे आणि दुधी काचेमुळे आतले न दिसणारे छोटे हरितगृह किंवा अनेक घरांना मिळून एक सामायिक जागा हे पर्याय स्पष्ट शब्दांत मान्य करावेत. मुलांपासून झाड दूर राखण्याचा हेतू त्यात तितकाच साधतो. आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की या विषयावर यापुढे मजकूर छापताना ‘थंड’ आणि ‘निर्धोक’ ही विशेषणे तपासून घ्यावीत, आणि शक्य झाल्यास एखाद्या विद्युत अभियंत्याकडून घरात दीर्घकाळ चालणाऱ्या दिव्यांच्या जोडणीविषयी स्वतंत्र लेख लिहून घ्यावा.

कळावे,

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक