सहीची जागा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. "गर्भपात ही हत्या आहे, आणि हत्येवर वाद घालायचा नसतो," हे तुझे वाक्य वाचले, पत्राची घडी घातली, आणि नंतर ते पुन्हा उघडायला मन धजेना. तू हे रागाच्या भरात लिहिलेले नाहीस, हे मी जाणतो. जिवाविषयीची तुझी कणव मी लहानपणापासून पाहत आलो आहे. या विषयावर तू बोलतोस ते कुठून तरी ऐकलेले नसते. म्हणूनच तुला वरवरचे उत्तर देऊन माझे समाधान होणार नाही, आणि खरे उत्तर द्यायचे तर सात वर्षे तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट आधी सांगायला हवी.

आमचे दुसरे मूल "पोटातच गेले" असे आम्ही सर्वांना सांगितले होते. तू भेटायला आलास, माझा हात हातात घेऊन "देवाच्या मनात नसेल" म्हणालास, आणि मी मान डोलावली. ते खरे नव्हते. अठराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टर बाई हे हात, हे पाय, हा पाठीचा कणा असे एकेक दाखवत होत्या, आणि डोक्यापाशी येताच गप्प झाल्या. हातातले यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून फिरत राहिले. मग त्यांनी पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. बाळाच्या कवटीचा वरचा भाग तयारच झाला नव्हता आणि मेंदूचा मोठा भाग वाढलाच नव्हता. अशी मुले जिवंत जन्मली तरी बहुधा काही तास, फार तर काही दिवस जगतात. त्यावर उपचार नाही. हृदयाचे ठोके मात्र नीट पडत होते, आणि ते थोड्याच वेळापूर्वी आम्ही दोघांनी ऐकले होते. दोन दिवस माझी बायको कोणाशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने गर्भपाताचा निर्णय घेतला. मी तिच्याबरोबर होतो.

रुग्णालयातल्या कारकुनाने संमतीपत्र तिच्यापुढे न ठेवता माझ्यापुढे सरकवले. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला आपल्या कायद्यानुसार फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. त्या छापील कागदावरही तिच्या एकटीच्याच सहीची जागा होती. पण खाली कोपऱ्यात कोणीतरी निळ्या पेनाने "पतीची सही" असे लिहून एक रेघ ओढली होती. मी सही केली. त्या क्षणी मला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि आज सर्वांत जास्त खुपते ते हेच. सात वर्षे मी त्या रेघेविषयी विचार करतो आहे.

एवढे सांगून तुझे तोंड बंद करावे, असा माझा हेतू नाही. आमचा प्रसंग हा या वादातला सोपा भाग आहे. तुझ्या बाजूचे पुष्कळ लोकही अशा वेळी स्त्रीला दोष देत नाहीत. खरा पेच निरोगी गर्भाचा आहे. तिथे तुझा मुद्दा मी टाळणार नाही. फलित पेशी जिवंत असते आणि ती माणसाचीच असते, यात मला शंका नाही. प्रश्न उरतो तो तिचे मोल पहिल्या दिवसापासून तुझ्यामाझ्याइतकेच असते का, हा. डॉन मार्क्विस या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८९ मध्ये मांडलेला विचार मला तुझ्या बाजूचा सर्वांत वजनदार विचार वाटतो. कोणाला मारणे वाईट का, तर त्याचे पुढचे सगळे आयुष्य आपण हिरावून घेतो म्हणून. आणि तसे आयुष्य गर्भापुढेही असतेच. याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. मला इतकेच वाटते की गर्भाचे मोल वाढत्या चंद्राप्रमाणे वाढत जाते, आणि सहाव्या आठवड्यातला व सातव्या महिन्यातला गर्भपात एकाच तराजूत घालणे माझ्या मनाला पटत नाही. पण समजा, तुझेच खरे. गर्भ पहिल्या दिवसापासून पूर्ण माणूस आहे. तरीही ज्युडिथ जार्विस थॉमसन या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी १९७१ मध्ये विचारलेला प्रश्न शिल्लक राहतोच: एका माणसाला जगण्यासाठी दुसऱ्याचे शरीर नऊ महिने हवे असेल, तर ते सक्तीने देववण्याचा अधिकार कोणाला आहे? मूत्रपिंडावाचून मरणाऱ्या सख्ख्या मुलासाठीही कोणताही न्यायाधीश बापाचे मूत्रपिंड बळाने काढून देणार नाही. बापाने ते द्यावे असे आपण म्हणू, न दिले तर त्याला नावे ठेवू. पण बेड्या घालून त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवणार नाही.

तू लिहितोस की सगळे धर्म या बाबतीत एकमुखाने बोलतात. इथे मात्र तुझी चूक होते आहे. आपल्या धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला महापातकांच्या पंक्तीत बसवले, हे खरे. पुरुषाचे शुक्र आणि स्त्रीचे शोणित यांचा संयोग होतो त्याच वेळी जीव गर्भात उतरतो, असे चरकसंहिता मानते, हेही खरे. पण सुश्रुतसंहिता सांगते की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्याबरोबर चेतना व्यक्त होते. म्हणून त्या स्त्रीला दोन हृदयांची, दौहृदिनी, म्हणायचे आणि तिच्या इच्छा पुरवायच्या. आपला "डोहाळे" हा शब्द त्याच कुळातला आहे. पोटातल्या जिवाला काय हवे हेसुद्धा जिच्या तोंडून ऐकायचे असते, ती त्याची आई, एवढे तरी त्या शब्दाने मान्य केले आहे.

कॅथलिक चर्चने गर्भपाताला पाप मानले ते आरंभापासून; तरी तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा त्याच चर्चचा धर्मपंडित अॅरिस्टॉटलच्या वाटेने जाऊन म्हणत होता की मानवी आत्मा गर्भात काही काळाने येतो, आणि आत्मा आलेला व न आलेला असा चर्चच्या शिक्षेतला भेद पोप नववे पायस यांनी काढून टाकला तो १८६९ मध्ये. हदीसमधल्या चाळीस दिवसांच्या तीन टप्प्यांवरून १२० दिवसांनी गर्भात आत्मा फुंकला जातो, असे बहुतेक मुस्लिम धर्मशास्त्री मानत आले. त्याआधी मुभा आहे की नाही यावर त्यांच्या पंथांत मतभेद आहेत, आणि त्यानंतर आईच्या जिवावर बेतले तरच. यहुद्यांच्या मिश्ना या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात तर स्पष्ट आज्ञा आहे की प्रसूती अडून आईचा जीव धोक्यात आला, तर गर्भ कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. पण बाळाचा बहुतांश भाग बाहेर आला असेल तर त्याला हात लावू नये, कारण एका जिवासाठी दुसरा जीव बाजूला सारता येत नाही. मला यात ढिलाई दिसत नाही. देवाला मानणारी, पापाला भिणारी माणसे हा प्रश्न किती जपून हाताळत होती, ते दिसते.

आता पैशाचा मुद्दा. "सोयीसाठी आणि पैशासाठी जीव घेतात," असे तू म्हणतोस. या वादात पैसा आणून देशोदेशींच्या सरकारांनी काय केले, ते पाहा. युद्धात पोळलेल्या जपानने १९४८ मध्ये गर्भपाताला कायद्याने वाट करून दिली आणि लगेच १९४९ मध्ये आर्थिक कारणही त्यात घातले, कारण तेव्हा तोंडे जास्त आणि अन्न कमी होते. रुमानियाला उलट कामगार हवे होते, म्हणून तिथला हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म जवळजवळ दुप्पट झाले आणि नंतर पुन्हा उतरू लागले, कारण बायकांनी चोरवाटा शोधल्या. कामाच्या ठिकाणी बायकांच्या तपासण्या होऊ लागल्या. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळेपर्यंत सरकारी नोंदींनुसारच ९ हजारांहून अधिक स्त्रिया असुरक्षित गर्भपाताने मेल्या होत्या आणि अनाथालये नको असलेल्या मुलांनी भरली होती. चीनने याच्या नेमके उलटे केले; एका मुलाच्या धोरणाखाली दिवस गेलेल्या बायकांना ओढून नेऊन गर्भपात करवले. एका सरकारला मुले हवी होती, दुसऱ्याला नको होती, आणि दोघांनीही त्या बाईला विचारले नाही. हे उमजल्यापासून "गर्भपाताच्या बाजूने की विरुद्ध" हा प्रश्नच मला अपुरा वाटू लागला आहे.

याच कारणाने एक युक्तिवाद मी माझ्या बाजूचा असूनही वापरत नाही. डोनोह्यू आणि लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये असे मांडले की अमेरिकेत १९७३ नंतर गर्भपात कायदेशीर झाल्याने पुढे गुन्हे कमी झाले. त्यांच्या आकडेमोडीवर बरेच वाद झाले. ती बिनचूक ठरली तरी गरिबाच्या पोटी येणाऱ्या जिवाकडे होऊ घातलेला गुन्हेगार म्हणून पाहणे मला सहन होत नाही, आणि इथे तू आणि मी एकाच बाजूला उभे आहोत.

त्या बाईच्या घरातला हिशेब मात्र वेगळा असतो. अमेरिकेतच सुमारे हजार स्त्रियांची पाच वर्षे विचारपूस करत केलेला एक अभ्यास आहे. त्यातल्या काहींना गर्भपात मिळाला होता, काहींना मुदत उलटल्यामुळे परत पाठवले होते. परत पाठवलेल्यांच्या वाट्याला पुढे कर्ज, थकबाकी आणि गरिबी अधिक आली. त्यातल्या बहुतेकींना आधीच एखादे मूल होते, आणि अनेकींनी दिलेले कारण तेच होते: आहे त्या मुलाचे नीट करायचे आहे. याला "सोय" हा शब्द तू वापरू नकोस, एवढी विनंती आहे.

तरीही तुझ्या पत्रातले एक वाक्य मला सोडत नाही. गरिबीमुळे पोट पाडावे लागत असेल तर ती निवड कसली, ती तर मजबुरी, असे तू लिहिलेस. ते अगदी बरोबर आहे. नोकरी जाईल, घरातून काढतील, नवरा टाकेल, या भीतीने जी बाई त्या टेबलावर जाते, तिला स्वातंत्र्य मिळाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मग तुझ्या बाजूच्या लोकांनी जोतीराव आणि सावित्रीबाईंकडे पाहावे. दिवस गेलेल्या विधवांना गर्भपात आणि बालहत्येवाचून मार्ग नव्हता तेव्हा, १८६३ मध्ये, त्या दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या बायकांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून दार उघडे ठेवले, आणि तिथे जन्मलेला एक मुलगा स्वतः दत्तक घेतला. त्यांनी कोणत्याही बाईला तुरुंगाचा धाक घातला नाही. जीव वाचवायचा तर त्याचा भार स्वतःच्या घरावर घ्यायचा असतो, हे त्यांनी करून दाखवले. बंदीची मागणी करणाऱ्या किती जणांनी असा भार उचलला आहे?

मुलींच्या गर्भाविषयी तू विचारलेस. तिथे मी अडखळतो, हे कबूल करतो. निर्णय तिचाच म्हणायचे आणि मुलगी नको म्हणून तिने गर्भ पाडला तर डोळे वटारायचे, हे विसंगत दिसते. पण तो निर्णय बहुतेक वेळा तिचा नसतोच. तो सासरचा असतो, आणि सही तेवढी तिची असते. आपल्या देशात १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला वाट दिली आणि १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी केली. गुन्हा ठरवला तो लिंग सांगण्याचा आणि विचारण्याचा. हे मला योग्य वाटते. मात्र त्या बंदीच्या धाकाने सरळ कारणासाठी आलेल्या बाईलाही काही डॉक्टर परत पाठवतात, आणि मग ती जिथे जाते तिथे सुई आणि काडी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ७ कोटी ३० लाख गर्भपात होतात, आणि त्यांतले जवळपास ४५ टक्के असुरक्षित असतात. यातल्या अनेक बायका कायदा काहीही म्हणाला तरी गर्भपात करणारच होत्या. कोणाच्या हातून आणि किती रक्त सांडून, एवढेच कायद्याने ठरले.

तू माझ्याशी सहमत व्हावेस, असा माझा आग्रह नाही. आमचे ते मूल मला अजून दिसते. ते कोणी नव्हतेच असे मी कधी म्हणणार नाही, आणि तू त्याच्यासाठी दुःख केलेस तर मला बरेच वाटेल. फक्त "हत्या" हा शब्द लिहिण्यापूर्वी, तो कोणाला उद्देशून लिहितो आहेस, तिचा चेहरा डोळ्यांपुढे आण.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी तिला वाचायला दिले, कारण गोष्ट तिची आहे. तिने सगळे शांतपणे वाचले आणि एकाच ठिकाणी बोट ठेवले. दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी मी आधी "आम्ही निर्णय घेतला" असे लिहिले होते. ती म्हणाली, "निर्णय मी घेतला. तू माझ्याबरोबर होतास." मी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली. तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तुझे जे म्हणणे असेल ते तिच्याशीच बोल. तिची तयारी आहे.

तुझा,
बालमित्र