कपात पेल्यात नको

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "आम्ही हल्ली पाणीसुद्धा बेतानेच पितो गं, नळाचा काही भरवसा नाही." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. मी तेव्हाच बोलणार होते, पण फोनवर वादाला तोंड फुटलं की बाबांना ऐकू येईनासं होतं. म्हणून लिहून पाठवतेय. सावकाश वाचा, आणि आधी एकेक पेला पाणी प्या.

तुमची काटकसर मला नवी नाही. दात घासताना नळ बंद ठेवायचा हे तुम्हीच मला शिकवलंत, ते तुम्हाला परत ऐकवायला हे पत्र नाही. पण यंदाच्या दुष्काळात तुम्ही पाणी वाचवताय ते भलत्याच ठिकाणी. हिशेबच करू. तुम्हा दोघांचं मिळून पिण्याचं पाणी दिवसाला चार लिटरच्या आसपास. जीव मारून निम्म्यावर आणलंत तर वाचले दोन लिटर. आपल्याकडची जुनी फ्लशची टाकी एकदा दाबली की नऊ-दहा लिटर जातात, काही टाक्यांत त्याहूनही जास्त. म्हणजे दिवसभर घसा कोरडा ठेवून तुम्ही एका फ्लशचा जेमतेम पाचवा हिस्सा कमावलात.

आणि गमावलं काय? वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी हवं असतं, पण तशी हाक लवकर येत नाही. त्यात बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी. कडक उन्हाळ्यात अशा माणसाने पाणी तोडलं तर उभं राहताना चक्कर येते, बोलताना गोंधळ उडतो, लघवीचा संसर्ग होतो, मुतखडा होतो. आई, तुझं वेगळंच. बाहेर जायचं असलं की तिथे संडास धड नसेल या भीतीने तू सकाळपासून पाणी पीत नाहीस. आता त्यात दुष्काळाचं निमित्त मिळालंय.

तेव्हा पिण्याचं पाणी हिशेबातून बाहेर काढा. डॉक्टरांनी दिवसाला जेवढं प्यायला सांगितलंय तेवढं सकाळीच बाटल्यांत भरायचं, तुझ्या बाटल्या वेगळ्या, बाबांच्या वेगळ्या, आणि रात्रीपर्यंत त्या रिकाम्या व्हायला हव्यात. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद दिसला तर पाणी कमी पडतंय असं समजा. (काही गोळ्यांनीही रंग बदलतो, ते बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.) हात धुण्यातही कपात नको. पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी हात धुणं सुटतं आणि मागोमाग जुलाब येतात. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून तिची बारीक धार घेतली तर अर्ध्या पेल्यात साबणासकट हात स्वच्छ होतात.

दुसरी गोष्ट बादल्यांची. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो वजन. बाबा, ती घेऊन ओल्या फरशीवरून तुम्ही न्हाणीघरापर्यंत जाता असं कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका. अर्ध्याहून जास्त भरलेली बादली तुम्ही दोघांनी उचलायची नाही, आणि टाकी बघायला गच्चीवर तर मुळीच चढायचं नाही.

आता जिथे खरंच वाचवण्यासारखं आहे तिथे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या मूलभूत गरजा भागायला दिवसाला 50 ते 100 लिटर पाणी लागतं. ऑस्ट्रेलियातल्या लांबलेल्या दुष्काळात मेलबर्नने 2008 साली माणशी 155 लिटरचं उद्दिष्ट ठेवलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला आणि 2018 च्या फेब्रुवारीपासून माणशी 50 लिटरची मर्यादा आली. धरणांतला साठा आणखी घटला असता तर घरोघरचे नळ बंद करून लोकांना रांगेत माणशी 25 लिटर द्यायची तयारी शहराने केली होती. तो दिवस आला नाही. शेतीच्या पाण्यालाही कात्री लागली आणि पुढे पाऊसही झाला, पण घराघरांतल्या कपातीचा त्यात मोठा वाटा होता. तिथली माणसं काही पाणी प्यायची थांबली नव्हती. दोन मिनिटांत अंघोळ उरकायची, अंघोळीचं पाणी टबात धरून संडासात ओतायचं, प्रत्येक लघवीनंतर फ्लश करायचा नाही, असले बदल त्यांनी केले.

बाबांचं नेहमीचं म्हणणं मला ठाऊक आहे: "आपल्या चार बादल्यांनी काय होणार? पाणी तर शेती आणि कारखाने पितात." आकड्यांपुरतं ते बरोबर आहे. जगात नदी-विहिरींतून उपसलेल्या गोड्या पाण्यापैकी साधारण 70 टक्के शेतीलाच जातं. पण तुमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी शेतकरी नेत नाही, कारखानाही नेत नाही. ती टाकी दोन दिवसांत संपते की चार, हे तुमच्याच घरात ठरतं.

आणि मला पक्की शंका आहे की ती तुमच्या हातून संपतच नाहीये, गळतेय. आई म्हणते, रात्री अर्धी असलेली टाकी सकाळी तळाला जाते. रात्रभर कोण वापरतं? फ्लशच्या टाकीची गळती मुकी असते. नळ टपटपला तर ऐकू तरी येतो. इथे पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून इतक्या पातळ पापुद्र्याने उतरतं की डोळ्यालाही दिसत नाही. तपासायची रीत सोपी आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि वीस मिनिटं कोणी फ्लश करू नका. नंतर भांड्यात रंग उतरलेला दिसला तर तळाचं रबर गेलंय. रंग नसेल तर भांड्याच्या मागच्या कोरड्या भागावर कागदी रुमाल चिकटवून बघा. वरून खालपर्यंत भिजत आला तरी अर्थ तोच. टाकीच्या आत एक उभी नळी असते, तिच्या तोंडातून पाणी आत पडताना दिसलं तर रबराचा दोष नाही, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) जास्त वर बसवलाय. तो थोडा खाली घेतला की झालं. टाकीचं झाकण चिनी मातीचं आणि जड आहे, ते वरच्या मजल्यावरच्या मुलाला काढायला सांगा.

गळती नसली तरी जुन्या टाकीत वाळू-पाणी भरलेली, घट्ट झाकणाची एक लिटरची बाटली उभी ठेवा, फ्लोटला अडणार नाही अशी. दर खेपेला एक लिटर वाचलं. वीट मात्र टाकू नका. ती पाण्यात झिजते आणि तिची कच रबराखाली अडकून नवी गळती सुरू होते. माझं मन विचाराल तर टाकीचा कॉक बंदच करून टाका. अंघोळीचं आणि कपडे खळबळलेलं पाणी पाच लिटरच्या डब्यात भरून ठेवायचं आणि एका झपाट्यात भांड्यात ओतायचं. हळू ओतलं तर वाया जातं, जोराने ओतलं तर टाकीपेक्षा कमी पाण्यात काम होतं. हे एवढं केलंत की तुमच्या पिण्याचं पाणी कितीतरी पटीने भरून निघेल. वास येईल म्हणून आई नाक मुरडेल. साबणाचं पाणी दिवसभराहून जास्त साठवलं तरच घाण येते. आजचं आज संपवायचं.

स्वयंपाकघरातला नळ सेकंदाला एक थेंब टाकत असेल तर दिवसाकाठी वीस-तीस लिटर जातात. वॉशर बदलून घ्या. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओढतो, तुम्ही तो वापरत नाही हे उत्तमच. वॉशिंग मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका, आणि शेवटच्या खळबळीच्या पाण्याची नळी बादलीत सोडा.

पाणी शुद्ध करायच्या मशीनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मी सुट्टीत आले तेव्हा त्याची बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली बघितली. आरओ मशीन एक लिटर पिण्याचं पाणी देताना सहसा दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. म्हणजे तुमच्या चार लिटरमागे आठ-बारा लिटर रोज मोरीत. ती नळी आजच कॅनमध्ये सोडा. ते पाणी खारट असतं, पण घाण नसतं. फरशी, संडास, पायपुसणी यांना छान चालतं. झाडांना रोज घालू नका, मातीत क्षार साचतात. शिवाय ते मशीन हवंच का, तेही तपासून घ्या. पाण्यातले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तर साधं फिल्टर आणि उकळणं पुरतं. मात्र सध्या विहिरी खोल गेल्यात, तळाचं पाणी जास्त क्षारट असतं आणि टँकरमध्ये तेच येतं, त्यामुळे तपासणी आत्ताच्या पाण्याची करा, मागच्या वर्षीचा कागद दाखवू नका. टँकरवाल्याने कितीही शपथा घेतल्या तरी ते पाणी खळखळून उकळी येऊन मिनिटभर झाल्याशिवाय प्यायचं नाही. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही.

नळाला पाणी आल्या आल्या हंडा लावायची आईची घाई असते. पाइप रिकामे असताना फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि ती पहिल्या धारेबरोबर घरात येते. ती पहिली बादली मोरीकडे ठेवायची, फरशीला नाहीतर संडासाला. मग पिण्याचं भरायचं.

बागेबद्दल वाईट बातमी. सगळं वाचणार नाही. बाबांच्या हंगामी फुलांच्या कुंड्या जाऊ द्या, ती पुढच्या वर्षी बी टाकून परत येतील. पंधरा-वीस वर्षांचं झाड एकदा वाळलं की संपलं. तेव्हा जे आहे ते झाडांना, तेही रोज शिंपडून नाही. आठवड्यातून एकदा बुंध्यापासून थोडं लांब, सूर्य मावळल्यावर, मुळापर्यंत मुरेल असं, आणि वर वाळल्या पानांचा जाड थर. भाज्या धुतलेलं पाणी त्यांना चालेल. ब्लीच किंवा कडक पावडरचं पाणी नको.

आता डासांचं, आणि हे वगळून वाचू नका. दुष्काळात डेंग्यू वाढतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण आपल्याच पिंपांत असतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घरात साठवलेलं स्वच्छ पाणी पसंत करतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. आठवड्याला एकदा पिंप रिकामं करून आतली कड काथ्याने खरवडून घासायची, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. नळाच्या पाळीच्या आदल्या दिवशी पिंप रिकामंच असतं, तेव्हा घासलंत तर पाणी फुकट जाणार नाही. तोंडाला कापड बांधाल तर दोरीने ताणून बांधा. मध्ये खोलगट झालेल्या कापडात साचलेलं पाणीसुद्धा डासाला पुरतं.

धाकट्याने म्हणे आणखी एक बोअर मारायचं मनावर घेतलंय. आजूबाजूचे सगळे एकाच खालच्या पाण्यात नळ्या खुपसतायत, त्यात आपण अजून खोल जायचं, मग शेजारी त्याहून खोल जाणार. मला ते पटत नाही. त्यापेक्षा तेच पैसे गच्चीच्या पन्हाळीवर लावा. बाबांना गणित आवडतं म्हणून सांगते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर होतो. आपली गच्ची शंभर चौरस मीटर धरा. दहा मिलिमीटरच्या एका सरीत हजार लिटर, त्यातले गळती-बाष्पाचे वजा जाता आठशे हाती लागतात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी गच्ची धुऊन निघेपर्यंत बाहेर सोडायचं, मग टाकीकडे वळवायचं. पाइप आणि जाळी पाऊस यायच्या आधीच बसायला हवी. ढग दिसल्यावर प्लंबर सापडत नाही.

उत्तर पाठवाल तेव्हा रंग उतरला की नाही ते कळवा, आणि रात्री झोपताना व सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा काय होता तेही. सगळे नळ बंद असताना काटा हलला असेल तर मी माणूस पाठवते.

तुमची,
थोरली

ता. क. प्लंबर आला की तो आधी "टाकीच बदला" म्हणेल. नुसतं रबर बदलून रंगाची परीक्षा परत घ्या, मगच टाकीचं बोला. बाबा, घासाघीस तुम्ही नका करू, आईला पुढे करा.